मेघ आणि कोठार

अलंकार हा काव्याचा धर्म आहे, कायद्याचा नव्हे. कवीने मुखास चंद्र म्हटले म्हणून समुद्राच्या भरती-ओहोटीचा जाब कोणी त्या मुखाकडे मागत नाही. वाचक रूपकाचा आनंद घेऊन पुढे जातो आणि व्यवहार जेथल्या तेथे राहतो. परंतु व्यापारी जेव्हा स्वतःच्या इमारतीस अलंकारिक नाव देतो, आणि राज्यकर्ते ते नाव जसेच्या तसे उचलून आपल्या ठरावांत घालतात, तेव्हा त्या अलंकाराची परीक्षा करणे हे टीकाकाराचे कामच होऊन बसते. 'क्लाउड' म्हणजे मेघ हे गेल्या वीस वर्षांत जगभर रूढ झालेले असेच एक नाव आहे. आपली पत्रे, मुलाबाळांची छायाचित्रे, पेढीचे हिशेब, रुग्णालयांतील टिपणे, आणि अलीकडे तर यंत्राने रचून दिलेली प्रश्नांची उत्तरे, ही सर्व 'मेघात' असतात असे आपण सहज बोलतो. हे रूपक वापरून इतके गुळगुळीत झाले आहे की ते रूपक आहे ह्याचाच लोकांस विसर पडला आहे. त्याची चिकित्सा करावी असे आम्हांस वाटण्याचे कारण केवळ भाषेची हौस नव्हे. जेथे हे मेघ उतरतात त्या गावांचे पाणी, वीज, हवा आणि रात्रीची झोप ह्यांचा प्रश्न ह्या एका शब्दाशी बांधला गेला आहे.

शब्दाची उत्पत्तीच बोलकी आहे. तारायंत्रांचे व संगणकांचे जाळे कागदावर काढताना, जाळ्याचा जो भाग तपशिलाने दाखविण्याची गरज नाही तेथे ढगाची आकृती काढण्याची अभियंत्यांची रीत होती. म्हणजे ह्या आकृतीचा मूळ अर्थच असा की, 'येथे काय आहे ते तूर्त विचारू नये.' तुंग-हुई हू हे अमेरिकन कवी पूर्वी अशाच जाळ्यांवर काम करणारे अभियंते होते. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या 'ए प्रीहिस्टरी ऑफ द क्लाउड' ह्या ग्रंथात त्यांनी हा मेघ लोहमार्गासारख्या जुन्या, जड, जमिनीत रुतलेल्या गोष्टींवर कसा उभा आहे ते दाखविले आहे. नाव आकाशाचे, पण वस्तू भूमीवरची. ती वस्तू म्हणजे इंग्रजीत ज्यास डेटा सेंटर म्हणतात ती खिडक्या नसलेली प्रचंड इमारत. तीत हजारो संगणक अहोरात्र तापत असतात आणि त्यांस थंड राखण्यासाठी तितकीच यंत्रसामग्री खपत असते. ह्या लेखात आम्ही तीस 'माहितीचे कोठार' म्हणणार आहोत. शब्द ओबडधोबड आहे, पण त्यात एक गुण आहे. कोठार म्हटले की ते कोणाच्या जमिनीवर उभे आहे, त्याचा कोठावळा कोण, आणि आत किती जाते व बाहेर किती येते, हे प्रश्न आपोआप सुचतात. मेघ म्हटला की ह्यांपैकी एकही प्रश्न सुचत नाही.

निरोप वाहून नेणारा मेघ ही कल्पना आपणांस नवी नाही. मेघदूतातील विरही यक्षाने दीड हजार वर्षांहून अधिक काळापूर्वी ती अंमलात आणली. परंतु कवी आणि व्यापारी ह्यांच्या वृत्तीत मोठा भेद आहे. यक्षाकडून निरोप सांगविण्यापूर्वीच कालिदास वाचकास बजावून ठेवतो की, मेघ म्हणजे काही सजीव दूत नव्हे. धूर, तेज, पाणी आणि वारा ह्यांचा तो समुच्चय. त्यापुढे गाऱ्हाणे मांडणे हे विरहाने विवेक सुटल्याचे लक्षण होय. कवी रूपक रचतो, पण त्यामागचे सत्य लपवीत नाही. आजच्या व्यापारी मेघाच्या कर्त्यांनी रूपक तेवढे घेतले आणि पृथक्करण गाळले. योगायोग असा की कालिदासाने सांगितलेले चारही घटक ह्या नव्या मेघास अक्षरशः लागू पडतात. तेव्हा त्याच चार खुणांनी आपण ह्या कोठारांच्या दारी जाऊ आणि तेथील लोकांनी त्यांचे नियमन करण्याचे काय प्रयत्न केले, त्यांत कोठे यश आले व कोठे घोडे अडले, ते पाहू.

प्रथम पाणी. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात कोलंबिया नदीकाठी द डॅल्स नावाचे सुमारे सोळा हजार वस्तीचे गाव आहे. जवळच सेलायलो नावाचा धबधबा होता. तेथील मूळ रहिवासी हजारो वर्षे त्यावर मासेमारी करीत. 1957 साली धरणाच्या पाण्याखाली तो बुडाला. नद्यांवरच्या अशा धरणांनी त्या प्रदेशात वीज स्वस्त झाली. त्या स्वस्त विजेवर गावात ॲल्युमिनियमचा कारखाना चालला व बंदही पडला. पुढे 2006 साली गूगल कंपनीचे कोठार आले. कंपनीने तेथील व्यवहार 'डिझाइन एलएलसी' अशा निरुपद्रवी नावाने केला, आणि गावच्या अधिकाऱ्यांकडून गुप्ततेची वचने लिहून घेतली. पंधरा वर्षांनी, आणखी दोन कोठारांची बोलणी चालू असताना, 'द ऑरेगोनियन' ह्या वृत्तपत्राने साधा प्रश्न विचारला: ही कंपनी गावचे किती पाणी वापरते? नगरपालिकेने उत्तर दिले नाही. जिल्ह्याच्या सरकारी वकिलाने आकडे देण्याचा आदेश दिला, तेव्हा ऑक्टोबर 2021 मध्ये नगरपालिकेने उलट वृत्तपत्रावरच दावा लावला. युक्तिवाद असा की, पाण्याचा आकडा हे कंपनीचे व्यापारी गुपित आहे. दाव्यातील नगरपालिकेच्या वकिलांचा खर्च कंपनीने सोसला. दावा न्यायालयात असतानाच, नोव्हेंबर 2021 मध्ये, नगरसभेने नव्या कोठारांच्या पाणीपुरवठ्याचा करार एकमताने मंजूर केला.

डिसेंबर 2022 मध्ये तडजोड झाली आणि दहा वर्षांचे आकडे बाहेर आले. कंपनीचा वापर पाच वर्षांत जवळजवळ तिप्पट झाला होता. 2021 साली तो सुमारे 35 कोटी 50 लाख गॅलन, म्हणजे 134 कोटी लिटरांच्या आसपास होता. गावाच्या एकंदर पाण्यापैकी चतुर्थांशाहून अधिक भाग एका गिऱ्हाइकाच्या घशात जात होता. हे प्रमाण गावास परवडणारे होते की नव्हते, हा स्वतंत्र वादाचा मुद्दा आहे. कंपनीने नवी पाणीयोजना बांधून देण्याचे कबूल केले होते, आणि गावातील अनेकांस तो सौदा किफायतशीर वाटला असेल. आमचा आक्षेप निराळा आहे. ज्यांच्या नळाचे पाणी, त्यांनीच निवडून दिलेली नगरसभा, आणि तिनेच त्या पाण्याचा आकडा त्यांच्यापासून राखण्यासाठी न्यायालयात जावे, ह्यात नियमनाचा पायाच उलटा झाला. सौदा चांगला की वाईट हे ठरविण्यास लागणारी एकमेव गोष्ट लोकांस सौदा झाल्यावर तेरा महिन्यांनी मिळाली.

आता तेज, म्हणजे वीज. ह्या बाबतीत आयर्लंडचे उदाहरण अधिक समाधानकारक आहे, आणि त्याचे कारणही ध्यानात घेण्यासारखे आहे. त्या देशाचे मध्यवर्ती सांख्यिकी कार्यालय मापकांवर नोंदलेल्या विजेपैकी किती वीज ह्या कोठारांनी घेतली ते दरवर्षी प्रसिद्ध करते. 2015 साली ते प्रमाण शेकडा 5 होते. 2023 साली शेकडा 21 झाले, आणि त्या वर्षी देशातील शहरांतील सर्व घरांनी मिळून वापरलेल्या शेकडा 18 विजेपेक्षाही ते अधिक भरले. पुढच्या वर्षी ते शेकडा 22 वर गेले. ह्या चार ओळींत जे सामर्थ्य आहे ते शंभर भाषणांत नाही. कोठारे शहरभर पसरलेल्या सर्व घरांपेक्षा जास्त वीज घेतात हे वाक्य समजण्यास कोणी तज्ज्ञ असावे लागत नाही. आयर्लंडमधला शाळामास्तर आणि दुकानदार दोघेही ते वाचून आपले मत बनवू शकतात.

मत बनले म्हणून नियमही बनला. नोव्हेंबर 2021 मध्ये तेथील वीजनियामकाने निर्देश काढला की, नव्या कोठारास जोडणी देताना ते विजेची ओढाताण असलेल्या प्रदेशात आहे काय, टंचाईच्या वेळी ते आपली मागणी कमी करू शकेल काय, आणि स्वतःची वीज उत्पन्न करू शकेल काय, हे पाहिले जावे. डब्लिनच्या परिसरात नव्या जोडण्या जवळजवळ थांबल्या. डिसेंबर 2025 मध्ये ह्याहून सविस्तर धोरण आले: नव्या मोठ्या गिऱ्हाइकाने आपल्या मागणीच्या तोडीची वीजनिर्मितीची किंवा साठवणीची सोय स्वतः उभी करावी, असा त्याचा मुख्य रोख आहे. ह्या धोरणावर दोन्ही बाजूंनी टीका झाली आहे. एका पक्षास ते उद्योगास जाचक वाटते. दुसऱ्यास ते कोठारांस नैसर्गिक वायू जाळण्याची वाट मोकळी करून देणारे वाटते. पण टीका दोन्ही बाजूंनी करता येते ती माहिती दोन्ही बाजूंस सारखीच उपलब्ध आहे म्हणून. द डॅल्समध्ये वाद झाला तो आकडा द्यावा की न द्यावा ह्याबद्दल. आयर्लंडमध्ये वाद आहे तो आकड्याचे काय करावे ह्याबद्दल. आमच्या मते दुसऱ्या प्रकारच्या वादासच राजकारण हे नाव शोभते.

तिसरा घटक वारा. कोठारांच्या छपरांवर व भिंतींलगत अजस्र पंखे रात्रंदिवस फिरत असतात, आणि त्यांची घरघर शेजाऱ्यांस क्षणभरही सोडीत नाही. ह्याचे गावोगावचे अनुभव जेथे सर्वांत अधिक साठले आहेत तो प्रदेश म्हणजे अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्याचा उत्तर भाग. त्या राज्याच्या विधिमंडळाच्या संयुक्त लेखापरीक्षण आयोगाने डिसेंबर 2024 मध्ये एक अहवाल प्रसिद्ध केला. जगातील चालू कोठारांच्या एकंदर क्षमतेपैकी शेकडा 13 ह्या एकट्या भागात आहे, असे त्यात नमूद आहे. गद्यलेखनाचा नमुना म्हणूनही आम्हांस हा अहवाल आदरणीय वाटला. त्यात आरडाओरड नाही आणि स्तुतिपाठही नाही. कोठारांचा आवाज कान बधिर करील एवढा मोठा नसतो. तो सतत असतो, खालच्या पट्टीचा असतो, आणि म्हणूनच भिंती व खिडक्या त्यास पुरत नाहीत, हे तो शांतपणे सांगतो. राज्यातील एकतृतीयांश कोठारे निवासी वस्तीच्या जवळ आहेत हेही सांगतो. आणि त्याच शांतपणे हेही सांगतो की, बहुतेक कोठारांचा पाण्याचा वापर एखाद्या मोठ्या कचेरीच्या इमारतीइतका किंवा त्याहून कमी असतो. थोड्यांचाच फार मोठा असतो.

रोजगाराच्या बाबतीत त्याचा हिशेब विशेष उद्बोधक आहे. अडीच लाख चौरस फुटांचे एक कोठार बांधताना ऐन भरात दीड हजार माणसे कामावर असतात. बांधून झाल्यावर तेथे पन्नासांच्या आसपास राहतात, आणि त्यांतील निम्मी कंत्राटी असतात. उलटपक्षी, लाउडन परगण्याच्या स्थानिक उत्पन्नापैकी शेकडा 31 ह्या कोठारांवरील करांतून येते. तेथील शाळा आणि रस्ते त्यावर चालतात, आणि घरांवरील करांचा भार तेवढा हलका राहतो. कोणीही प्रामाणिक टीकाकाराने हे नाकारू नये. कोठारे गावास काही देतच नाहीत असे म्हणणारा आणि ती गावाचे सोने करतील असे म्हणणारा, दोघेही सारखेच कवी होत. खरे एवढेच की ती नोकऱ्या थोड्या देतात आणि कर पुष्कळ देतात. आणि तो कर कोणाच्या झोपेच्या मोलाने यावा हे ठरविण्याचा अधिकार गावाचा आहे.

तो अधिकार बजावण्याचे साधनही तेथे लोकांस हळूहळू सापडले. लाउडनमध्ये पूर्वी ठरावीक भागांत कोठार बांधण्यास वेगळ्या सुनावणीची आवश्यकता नसे. मार्च 2025 मध्ये परगण्याच्या मंडळाने ही मुभा काढून घेतली आणि जाहीर सुनावणी आवश्यक केली. शेजारच्या प्रिन्स विल्यम परगण्यात मनॅसस येथील यादवी युद्धाच्या रणभूमीलगत सुमारे 2,100 एकरांवर कोठारे उभारण्याची योजना होती. डिसेंबर 2023 मध्ये एक अहोरात्र उलटून गेलेल्या सुनावणीनंतर ती मंजूर झाली. ऑगस्ट 2025 मध्ये न्यायाधीशाने ही मंजुरी रद्दबातल ठरविली. कारण काय? रणभूमीचे पावित्र्य नव्हे, पंख्यांचा आवाज नव्हे, विजेचा तुटवडाही नव्हे. सुनावणीची जाहीर सूचना कायद्याने सांगितलेल्या रीतीने वृत्तपत्रात दिली गेली नव्हती, एवढेच. कित्येकांस हे कायद्याचे कीस काढणे वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. ज्यांस परिणाम भोगावयाचे त्यांस वेळेवर कळविणे ही नियमनाच्या अनेक कलमांपैकी एक बारीकशी बाब नव्हे. बाकीची सर्व कलमे तिच्यावर उभी आहेत.

चौथा घटक धूर. वीज खंडित झाल्यास वापरण्यासाठी ह्या कोठारांच्या अंगणात डिझेलच्या यंत्रांच्या रांगा असतात आणि ती अधूनमधून चालवून पाहावी लागतात. परंतु धुराचे ठळक उदाहरण टेनेसी राज्यातील मेम्फिस शहराचे आहे. 2024 साली एक्सएआय ह्या कंपनीने शहराच्या नैर्ऋत्येस एका जुन्या कारखान्यात कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी आपले प्रचंड कोठार चालू केले. जवळच बॉक्सटाउन ही वस्ती आहे. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसांनी ती वसविली, आणि औद्योगिक धुराचा वारसा तीस आधीपासूनच आहे. शहराची वीज लगेच पुरेना, तेव्हा कंपनीने नैसर्गिक वायूवर चालणारी जनित्रे आणून उभी केली, आणि ती विनापरवाना चालविली. समर्थन असे की ती 'तात्पुरती' आहेत. एका जागी 364 दिवसांहून कमी राहणाऱ्या यंत्रांस परवाना लागत नाही, असा दावा होता. 'मेघ' ह्या नावाने इमारत अदृश्य झाली होती, तशी 'तात्पुरती' ह्या विशेषणाने धुराडी अदृश्य झाली.

अशी यंत्रे किती आहेत हे वस्तीतील लोकांस ठाऊक नव्हते. एका पर्यावरण-कायदा संस्थेने विमानातून छायाचित्रे घेतली तेव्हा ती पस्तीस भरली. जुलै 2025 मध्ये परगण्याच्या आरोग्य खात्याने पंधरा यंत्रांस परवाना दिला. ह्यातील न्यायान्याय न्यायालये ठरवितील. आम्ही फक्त एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधतो: आपल्या घराजवळ किती धुराडी आहेत हे मोजण्यासाठी एका वस्तीस विमानाचा आश्रय करावा लागला. द डॅल्सच्या लोकांस नळाचे पाणी मोजण्यासाठी न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, त्याच जातीची ही घटना आहे.

चारही घटकांची फेरी झाली. आता ह्या अनुभवावरून जे सर्वसाधारण कायदे रचले गेले त्यांचे परीक्षण करू. ह्यांत युरोपीय संघाचा 2023 सालचा ऊर्जाकार्यक्षमतेचा निर्देश सर्वांत महत्त्वाकांक्षी आहे. पाचशे किलोवॅट किंवा त्याहून अधिक क्षमतेच्या प्रत्येक कोठाराने आपली वीज, पाणी, उष्णता ह्यांची मोजदाद दरवर्षी सादर करावी असे तो सांगतो. येथवर त्याची स्तुतीच केली पाहिजे. परंतु निर्देशात व्यापारी गुपितांस अपवाद ठेवला आहे, आणि 2024 साली त्याखाली झालेल्या नियमांत प्रत्येक कोठाराची स्वतंत्र माहिती गोपनीय राखावी असे म्हटले आहे. लोकांस दिसावयाची ती फक्त बेरीज. हा कायदा मोजतो उत्तम, पण मोजलेले योग्य माणसास सांगत नाही. एखाद्या देशातील सर्व कोठारांनी मिळून किती पाणी वापरले हे कळून, ज्याच्या वस्तीची विहीर आटली त्याचा काय लाभ? पाण्याचा तुटवडा देशास सरासरीने होत नसतो; तो एका गावास, एका उन्हाळ्यात होतो. बेरीज हा देखील एक प्रकारचा मेघच होय. त्यात गावे विरघळून जातात.

दुसरा दोष मापाच्या निवडीचा. ह्या धंद्यात 2007 पासून एक गुणोत्तर प्रमाण मानले जाते: कोठाराची एकंदर वीज भागिले त्यातील संगणकांनी घेतलेली वीज. उत्तर एकाच्या जितके जवळ तितके कोठार चांगले. हे माप सोपे आहे आणि त्याने विजेची पुष्कळ उधळपट्टी थांबली, हे मान्य. पण थंडाव्याचा व्यवहार कसा चालतो पाहा. आपला माठ गार राहतो तो पाझरलेल्या पाण्याची वाफ होते म्हणून. त्यास वीज लागत नाही, पाणी मात्र खर्ची पडते. कोठारेही ह्याच युक्तीने थंड केली तर वीज वाचते व गुणोत्तर सुधारते. पाणी जाते त्याची नोंद ह्या मापात होतच नाही. पाणी वाचवावयाचे तर विजेवर चालणारी शीतयंत्रे लावावी लागतात, आणि गुणोत्तर बिघडते. म्हणजे एकाच मापाने शासन केले की कोठारवाला सद्गुणी ठरतो आणि नदी कोरडी पडते. ऑरेगनसारख्या ठिकाणी एक निवड योग्य असेल, आयर्लंडसारख्या पावसाळी देशात दुसरी. कोणती योग्य हे ठरविण्यास दोन्ही आकडे एकाच वेळी, एकाच कागदावर, त्या गावच्या लोकांपुढे हवेत.

येथे कोणी म्हणेल की, हे आकडे उघड केल्यास प्रतिस्पर्धी कोठाराच्या आतील शक्तीचा अंदाज बांधतील, म्हणून गुप्तता आवश्यक आहे. ह्या आक्षेपास सर्वांत चोख उत्तर खुद्द त्या व्यापारानेच दिले आहे. द डॅल्सचा वाद मिटण्याच्या सुमारास, 2022 च्या अखेरीस, गूगल कंपनीने अमेरिकेतील आपल्या कोठारांच्या पाण्याचे आकडे स्थळवार प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. त्यामुळे तिचे दिवाळे निघाल्याचे ऐकिवात नाही. जे काल जिवापाड जपण्याचे गुपित होते ते आज वार्षिक अहवालातील एक कोष्टक झाले. मग ते खरोखर गुपित होते काय, असा प्रश्न विचारण्याचा हक्क आपणांस पोचतो. दुसरा आक्षेप असा की, जगास ह्या कोठारांची गरज आहे आणि नियमनाने ती शेजारच्या राज्यात निघून जातील. गरज आहे हे खरे. हे वाक्य लिहिणारे आणि वाचणारे दोघेही त्यांचे गिऱ्हाईक आहेत. पण गरज रुग्णालयाचीही असते, म्हणून रुग्णालयाच्या सांडपाण्याची चौकशी कोणी सोडून देत नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये व्हर्जिनियाच्या नियामकांनी 25 मेगावॅट व त्यावरील मागणीच्या गिऱ्हाइकांसाठी 2027 पासून वेगळा दरवर्ग ठरविला. वाढीव तारांचा व वीजकेंद्रांचा खर्च सामान्य घरांच्या बिलांत उतरू नये, हा त्याचा हेतू. वीजखर्चाची वाटणी करता आली ती खर्च कोणामुळे वाढला हे मोजले गेले म्हणून.

हा सर्व विचार आपणांस परका नाही. भारतातील अशा कोठारांचा सर्वांत मोठा समूह मुंबई व नवी मुंबई ह्या परिसरात आहे. ऐरोली, रबाळे, महापे येथून पनवेलपर्यंत ती पसरली आहेत. मोरबे आणि बारवी ह्या धरणांच्या पाण्यावर जगणारा हा पट्टा आहे. 2020 साली केंद्र सरकारने ह्या विषयावर धोरणाचा मसुदा प्रसिद्ध केला. त्यात कोठारांस पायाभूत सोयींचा दर्जा द्यावा, त्यांची गणना 1968 च्या कायद्याखालील अत्यावश्यक सेवांत व्हावी, परवानग्या एका खिडकीतून मिळाव्यात, असे सुचविले होते. पायाभूत सोयींचा दर्जा 2022 साली मिळालाही. ह्या लेखनाचा एकंदर सूर पाहुण्याच्या आगतस्वागताचा आहे. स्वागतास आमची हरकत नाही. पण पाहुणा किती दिवस राहणार व काय खाणार हे घरातल्या माणसांस विचारण्याची आपली रीत आहे. 2005 च्या माहिती अधिकार कायद्यात व्यापारी गुपिते वगळण्याचे कलम आहे, परंतु त्याच कलमात व्यापक लोकहितासाठी ती उघड करता येतील अशी तरतूदही आहे. एखाद्या वसाहतीचे पाणी हे व्यापक लोकहित आहे की नाही, हा प्रश्न ह्या पट्ट्यातील नागरिकांस पुढेमागे विचारावा लागेल. तो आकडे फुगण्याआधी विचारलेला बरा. धुळ्याकडे पांझरेच्या काठी जुन्या फड पद्धतीत पाटकरी पाणी वाटतो ते दिवसाउजेडी, सर्वांच्या देखत. कोणाच्या वाट्यास किती आले हे बांधावर उभ्या असलेल्या प्रत्येकास दिसते. त्या व्यवस्थेत तंटे झाले नसतील असे नाही. पण पाण्याचा वाटा हे गुपित असू शकते, ही कल्पना तिच्यात बसणारच नाही.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. माहितीच्या कोठारांवर बंदी घालावी की त्यांस पायघड्या घालाव्यात, हा पहिला प्रश्न नव्हे. तो प्रत्येक गावाने आपापल्या परिस्थितीप्रमाणे सोडवावा, आणि दोन गावांची उत्तरे निराळी आली तर त्यात वावगे काही नाही. पहिला प्रश्न असा की, गावास तो सोडविता येईल इतके ज्ञान गावाजवळ आहे काय. म्हणून कायद्याने आधी चार साध्या गोष्टी कराव्यात. अर्ज करणाऱ्याने आपले खरे नाव लिहावे. पाणी व वीज ह्यांचे आकडे स्थळवार आणि महिनेवार, विशेषतः उन्हाळ्याचे, गावच्या चावडीवर लागावेत. लोकनियुक्त संस्थेने लोकांपासून लपविण्याचे वचन कोणास दिले तर ते कायद्याने निरर्थक मानावे. आणि निर्णयापूर्वीची सुनावणी ज्यांस ऐकू जावयाची त्यांस ऐकू जाईल अशा रीतीने पुकारावी. ह्या चारांतील एकही गोष्ट खर्चिक नाही, आणि एकीनेही कोणाचा धंदा बुडत नाही. ह्या झाल्या तर बाकीचे नियम, दर, अंतरे, आवाजाच्या मर्यादा, लोक स्वतः वादविवाद करून ठरवितील. ह्या न झाल्या तर कितीही कलमे रचली तरी त्यांची अंमलबजावणी अंधारातच होईल. कवींनी मेघांस खुशाल दूत करावे. नगरपालिकेच्या दप्तरात मात्र त्याची नोंद कोठार म्हणूनच झाली पाहिजे, आणि नोंदीसमोर त्याच्या नळाचे व तारेचे आकडे लिहिलेले असले पाहिजेत.